गॅस गिझर मध्येच बंद पडतो? आधी घड्याळ लावा

दिवाळीचा फराळ संपतो, नागपूरच्या मानेवाड्यात पहाटे पंखा बंद करावा लागतो आणि आमच्या गल्लीतून पहिला फोन येतो, "काका, गिझर पुन्हा बंद पडून राहिला." डोक्याला साबण, डोळे मिटलेले आणि वरून एकदम गार पाणी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात तर मला रोज दोन-तीन घरं होती.

मी कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या आणि नियंत्रणाच्या यंत्रांवर, नोकरी केली. तिथं युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, की कंट्रोल रूममध्ये पहिला प्रश्न असतो, "कशावर ट्रिप झालं?" ज्वाला गेली, पाण्याची पातळी उतरली की हवा कमी पडली? कारण कळल्याशिवाय बॉयलर पुन्हा पेटवत नाहीत. पेटवण्याआधीही भट्टीत पाच मिनिटं नुसती हवा खेळवतात, आत न जळलेलं इंधन राहिलं असेल तर निघून जावं म्हणून. घरच्या सहा लिटरच्या, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणाऱ्या, गिझरलाही हाच प्रश्न विचारायचा. त्याच्यापाशी कंट्रोल रूम नाही, पॅनेलवर दिवे नाहीत, पण किती वेळाने विझला यावरून तो बरंच काही सांगून जातो.

तेव्हा पुढच्या वेळी मिस्त्रीला फोन करण्याआधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. नळ उघडल्यापासून किती वेळाने विझला ते लिहून ठेवा, तीन दिवस. त्या वेळी घरात दुसरा नळ चालू होता का, स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती का आणि बाथरूमचं दार बंद होतं का, हेही लिहा. एवढ्या नोंदींवर अर्धं निदान होतं.

आत काय घडतं ते एकदा समजून घ्या. नळ उघडला की पाणी गिझरच्या बुडाशी असलेल्या वॉटर व्हॉल्व्हमधून जातं. त्यात एक रबरी पडदा असतो, डायफ्राम. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो एक पिन पुढे ढकलतो आणि पिनमुळे मायक्रोस्विच चालू होतो. मग दीड-दीड व्होल्टच्या दोन जाड्या सेलवर चालणारं सर्किट जागं होतं. टक-टक-टक ठिणगी पडते, सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, गॅस सोडतो, बर्नर पेटतो. ज्वालेत बुडालेली एक बारीक सळई, म्हणजे फ्लेम सेन्सर, सर्किटला सांगते की आग लागली आहे. तिची साक्ष मिळाली नाही तर सर्किट काही सेकंदांत गॅस तोडतं. तांब्याच्या पाइपावर बटणाएवढा ओव्हरहीट कट-ऑफ बसवलेला असतो. बऱ्याच मॉडेलांत २० मिनिटांचा टायमर असतो, काहींत ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा ओडीएस. या राखणदारांपैकी एकानेही नाही म्हटलं तरी सोलेनॉइड मिटतो.

टक-टकच होत नाही

हा प्रकार बहुतेक वेळा पाण्याचा असतो. साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक बार दाब येतो आणि या गिझरांना किमान ०.२ ते ०.२५ बार लागतो. म्हणजे टाकीतलं पाणी गिझरपेक्षा दोन-अडीच मीटर तरी वर हवं. आपल्याकडच्या एकमजली घरांत टाकी स्लॅबवर दीड-दोन फुटांच्या ओट्यावर असते आणि गिझर भिंतीवर पाच फुटांवर. हिशेब करून पाहा, जेमतेम दोन मीटर भरतात. टाकी भरलेली असताना गिझर चालतो आणि अर्धी झाली की रुसतो, त्याचं कारण हे. मागच्या मोरीतला नळ कुणी सोडला की विझतो, त्याचंही हेच.

दाब ठीक असेल तर पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा. बोअरचं पाणी असेल तर त्यात रेती सापडेलच. तरीही टक-टक नाही तर डायफ्राम कडक झाला किंवा फाटला असेल. स्वस्त भाग आहे, मिस्त्रीकडून बदलून घ्या. आणि हो, सेल. त्यांच्याबद्दल लगेच पुढे.

पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो

पहिला संशय सेलवर. लोक सांगतात, "सेल चांगले आहेत, घड्याळात चालून राहिले." भिंतीवरच्या घड्याळाला नावापुरता करंट पुरतो. सोलेनॉइड ओढून धरायला दम लागतो. दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा असं करू नका. डब्बीतल्या पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर खरवडून काढा. मार्चमध्ये गिझर बंद केला की सेल काढून ठेवायचे असतात, पण ठेवतं कोण! मे महिन्यात ते पाझरतात आणि नोव्हेंबरात आपण सर्किटला दोष देतो.

सेल नवे टाकूनही तेच, तर फ्लेम सेन्सर. ज्वालेतून अगदी किरकोळ करंट वाहतो, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका. सळईवर काजळी किंवा राखेचा पातळ थर बसला की तेवढाही जात नाही. आग डोळ्यासमोर जळते आहे आणि सर्किटच्या लेखी ती नाही. उपाय दहा मिनिटांचा आहे. रेग्युलेटर बंद करा, सेल काढा, गिझर गार होऊ द्या आणि बारीक एमरी पेपरने सळई हलक्या हाताने पुसा. तिच्या मुळाशी चिनी मातीचं बूड असतं, त्याला तडा जाऊ देऊ नका. जवळच दुसरी सळई असते, तिची वायर जाड असते, ती ठिणगीची. दोघींची गफलत करू नका आणि त्यांना वाकवूही नका. ठिणगीचं अंतर बिघडलं तर नवीन दुखणं मागे लागतं.

माझा पुतण्या शिकागोला असतो. तिकडे घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते, तिला फर्नेस म्हणतात. जानेवारीत त्याने व्हिडिओ पाठवला, भट्टी पेटते, काही सेकंदांत विझते, पुन्हा पेटते आणि तीन-चार वेळा झालं की लाल दिवा लुकलुकत गप्प बसते. मी इथून म्हटलं, सळई पूस. पुसली, चालली. पंधरा दिवसांनी परत फोन, पण या वेळी ती दहा मिनिटं चालून विझत होती. वेळ बदलली म्हणजे राखणदार बदलला. हा लिमिट स्विच होता, आपल्या ओव्हरहीट कट-ऑफचा मोठा भाऊ. हवेचा फिल्टर कुत्र्याच्या केसांनी गच्च भरलेला, त्यामुळे हवा पुढे सरकत नव्हती आणि भट्टी आतल्या आत तापत होती. तिथं उष्णता हवा वाहून नेते, आपल्या गिझरात पाणी. वाहणारं अडलं की दोघांचं दुखणं सारखंच.

त्या भट्टीत आणखी दोन राखणदार असतात. धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याने खरोखर ओढ धरली आहे का हे पाहणारा प्रेशर स्विच, आणि ज्वाला बर्नरच्या तोंडातून बाहेर आली तर उडणारा रोल-आउट स्विच. हा दुसरा बहुधा हातानेच परत दाबावा लागतो आणि तो तसा मुद्दामच केलेला असतो, म्हणजे माणूस तिथवर जाऊन बघेल. पुतण्याला सांगून ठेवलंय, तो उडाला तर दाबून परत पेटवायची नाही, तंत्रज्ञाला बोलवायचं.

ज्वालेचा रंगही बघा. निळी हवी. पिवळी, लवलवती असेल आणि वर काजळी धरत असेल तर बर्नर तुंबला आहे. आपल्याकडे गिझर वर्षातले सात-आठ महिने बंद असतो आणि तेवढ्यात कोळी जाळं विणतो, कुंभारमाशी मातीचं घर बांधून मोकळी होते. पिवळ्या ज्वालेवर अंघोळ करू नका. आधी बर्नर साफ करून घ्या. ही तक्रार "बंद पडतो" या सदरात येत नाही, पण तीच जास्त धोक्याची आहे.

तीन-चार मिनिटांनी विझतो, थोड्या वेळाने परत पेटतो

इथे मला शेजारच्या घराची गोष्ट सांगावी लागेल, कारण याच प्रकारात मिस्त्री लोक सगळ्यात जास्त घाण करतात.

शेजारीण आली आणि म्हणाली, "काका, तिसरा मिस्त्री झाला. पहिल्यानं सेल बदलले. दुसऱ्यानं काहीतरी केलं त् आठ दिवस झकास चालला, पण पाणी असं उकळतं येऊन राहिलं का पोट्ट्याचा हात पोळला. तिसरा म्हणते नवीनच घ्या."

"दुसऱ्यानं काय केलं ते बघू," म्हटलं आणि झाकण काढलं. कट-ऑफच्या दोन पांढऱ्या वायरी सोलून एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप. कट-ऑफ जागेवरच, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. याला आमच्याकडे जम्पर मारणं म्हणतात. वीज केंद्रात लेखी परवानगीशिवाय इंटरलॉकला, म्हणजे अशाच एखाद्या राखणदाराला, जम्पर लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी साहेबासमोर उभा असायचा. इथं त्याने त्याचे पैसेही घेतले होते.

तो मिस्त्री योगायोगाने मला चौकात भेटला. म्हणाला, "काकाजी, सेन्सर खराब होता. बायपास केला, गिऱ्हाईक खुश."

"खराब होता का खरं बोलत होता?"

हसला. त्याला राग आला नाही, मला आला.

कट-ऑफच्या आत दोन धातूंची चिकटवलेली चकती असते. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक गिझरांत पाणी अंगावर घेता येणार नाही इतकं तापल्यावर, ती टक्कन उलटी वळते आणि सर्किट तोडते. गार झाली की परत जागेवर. म्हणून गिझर थोड्या वेळाने आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. चकती कधीकधी खराब होते, नाही असं नाही. पण दहातल्या आठ घरी मला ती बरोबर आणि पाणीच कमी सापडलं आहे.

पाणी कमी आहे का हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. पंधरा लिटरची बादली घ्या आणि गिझरचं पाणी पूर्ण सोडून भरा. सहा लिटरचा गिझर असेल तर ती अडीच मिनिटांच्या आसपास भरायला हवी. शेजारणीची बादली पावणेपाच मिनिटांत भरली. म्हणजे पाणी निम्मं आणि आग पूर्ण, मग तापणार नाही तर काय? पाणी अडलं होतं दोन जागी. जाळीत रेती होती आणि आतल्या तांब्याच्या पाइपात क्षार. त्यांच्याकडे नळाचं पाणी पिण्यापुरतं, बाकी सगळं बोअरचं. बोअरच्या पाण्याने त्यांच्या बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरला आहे, तोच पाइपाच्या आत धरतो. गिझर चालू असताना आतून खळखळ, भाजी फोडणीला टाकल्यासारखा आवाज येतो, तो याच थराचा. तो थर उष्णता अडवतो, पाइप आतून अरुंद करतो आणि पुढे कधीतरी तांबंच जाळतो.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे लिंबूसत्त्वाचं, पाणी पाइपांतून फिरवतात. गिझर उतरवून, गॅसची जोडणी सोडवून करायचं काम आहे, ते जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. बेसिन साफ करायचं तीव्र ॲसिड कुणी ओतायला निघालं तर हात धरा. ते क्षारासोबत तांबंही खातं.

याच प्रकारातलं एक फुकटचं कारण म्हणजे पुढच्या अंगाला असलेला हिवाळा-उन्हाळ्याचा खटका. तो हिवाळ्यावर असला की सगळा बर्नर पेटतो. जानेवारीत पाणी गार, तेव्हा ते बरोबर. फेब्रुवारीच्या शेवटी टाकीतलं पाणी दुपारीच कोमट झालेलं असतं, खटका मात्र तिथंच असतो. आमच्या गल्लीत मार्चमधल्या निम्म्या तक्रारी मी फोनवर खटका फिरवायला सांगून मिटवतो. एप्रिलनंतर कुणी फोन करतच नाही, तेव्हा टाकीचं पाणीच हात लावू देत नाही.

शेजारणीच्या वायरी मी वेगळ्या करून कट-ऑफ पुन्हा जोडला. तुमच्या गिझरची याआधी दुरुस्ती झाली असेल तर एकदा झाकण काढून घेऊन आत पिळलेली, टेप लावलेली वायर दिसते का बघा. दिसली तर गिझर वापरू नका.

दार बंद असताना विझतो, उघडलं की चालतो

या नोंदीला दुरुस्तीची वाट बघायची नाही. त्या क्षणी बाहेर या.

शेजारणीचा गिझर बाथरूमच्या आतच लावलेला होता. आता हिशेब बघा. बाथरूम पाच बाय सात फूट, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण ९ घनमीटर हवा. सहा लिटरचा गिझर पूर्ण आगीवर तासाला किलोभर एलपीजीच्या आसपास जाळतो, म्हणजे पंधरा मिनिटांत पाव किलो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. तेव्हा पाव किलोला सव्वातीन घनमीटर. पंधरा मिनिटांच्या अंघोळीत खोलीतल्या हवेच्या तिसऱ्या हिश्शातला ऑक्सिजन गिझर खातो, आणि वर झरोक्यात थंडी येते म्हणून आपण पुठ्ठा खोचलेला असतो. कूलरची खिडकी तर प्लायवूड लावून दिवाळीलाच बंद.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते. हा मात्र कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी काढायची बुद्धी असते, पण हात उठत नाही.

ओडीएस याच वेळेसाठी असतो. खरा ओडीएस एका छोट्या ज्वालेवर चालतो. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरला की ती ज्वाला आपल्या जागेवरून उचलली जाते, तिच्यात बसलेली थर्मोकपलची, म्हणजे उष्णतेवर किंचित वीज बनवणारी, कांडी गार पडते आणि गॅस तुटतो. पण तो ऑक्सिजन बघतो, कार्बन मोनॉक्साइड हुंगत नाही. बर्नर तुंबून पिवळा जळत असेल तर ऑक्सिजन भरपूर असतानाही विष तयार होतं आणि ओडीएस शांत राहतो. म्हणून "आमच्यात सेन्सर आहे" म्हणून गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. तो बाहेर लावायचा, गॅलरीत, मागच्या अंगणात, धुण्याच्या मोरीजवळ, जिथं हवा खेळते तिथं. आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा.

शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे तिथं २००७ पासून झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तो मागवावा लागतो, पण मिळतो. गिझर हलवेपर्यंत तरी एक घेऊन ठेवा.

कुणी आत बेशुद्ध झालंच तर दार तोडून आधी मोकळ्या हवेत आणा, रेग्युलेटर बंद करा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. करोनाच्या वेळी घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर लावून "९८ दाखवते, ठीक आहे" म्हणत बसू नका. त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही ऑक्सिजनवालंच दिसतं.

शेगडी पेटवली की विझतो

एकाच सिलिंडरवर टी, म्हणजे दोन फाट्यांचा जोड, लावून शेगडी आणि गिझर दोन्ही घेतलेले असतात. एका रेग्युलेटरवर दोघांची ओढाताण होते, ज्वाला बारीक होते आणि सेन्सर साक्ष देत नाही. गिझरला स्वतंत्र सिलिंडर द्या. थंडीत सिलिंडर तळाला आला की पहाटे गॅस कमी बनतो, त्यामुळेही हेच होतं, आणि दुपारी तोच गिझर नीट चालतो. नळी आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळीच असू द्या आणि तिच्यावर छापलेलं वर्ष बघून पाच वर्षांनी बदला. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा, काडी पेटवून नाही. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं उघडा, सिलिंडर बंद करा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

शेजारणीचा गिझर आता मागच्या अंगणात, पत्र्याच्या छताखाली आहे. क्षार काढले, बादली पावणेतीन मिनिटांत भरते, कट-ऑफ जागेवर आहे. परवा ती पुन्हा दारात. "काका, अजूनही बंद पडते."

"किती मिनिटांनी?"

तिनं वहीच आणली होती. तीन दिवस, तिन्ही वेळा बरोबर वीस मिनिटं. तिन्ही वेळा आत पोरगंच होतं.